एकशे चौदापासून खाली

३ मार्च, मंगळवार

मधुमेह केंद्रातील परिचारिका मकेलेसीबाई यांच्या सूचनेवरून ही वही आज सुरू करीत आहे. काय शिजवले, किती खाल्ले आणि वजन किती भरले, एवढेच लिहावे असे त्यांनी सांगितले. मी एकतीस वर्षे गणित शिकवले, त्यांपैकी अखेरची नऊ वर्षे मुख्याध्यापक होतो. नोंदी ठेवणे मला नवे नाही.

वय त्रेसष्ट. वजन एकशे चौदा किलो.

बोटाला सुई टोचून बाईंनी साखरेचा जो आकडा काढला, तो मी येथे लिहिणार नाही. त्यांनी तो मोठ्याने वाचला तेव्हा समोरच्या वॉर्डाचे दार उघडे होते. माझ्या पत्नीला, सेलूला, त्याच वॉर्डात ठेवले होते. तिचा डावा पाय नोव्हेंबरात घोट्यापासून काढला, डिसेंबरात गुडघ्यापासून, आणि नऊ जानेवारीस ती गेली. बाई म्हणाल्या, "मास्तर, असंच चाललं तर तुम्हीही त्याच दारातून आत जाल." त्यांनी रोजच्या दोन गोळ्या दिल्या, रोज सकाळी तळपाय पाहण्यास सांगितले. वजन उतरले तर पुढे गोळ्याही कमी होतील, असे त्या म्हणाल्या. त्यापुढेही काही सांगत होत्या, परंतु माझे लक्ष त्या दाराकडे होते.

उद्दिष्ट: नव्वद किलो. दोन्ही पाय राहिले पाहिजेत.

७ मार्च, शनिवार

पायांची तपासणी: ठीक.

उमू लावणे हे पुरुषाचे काम असल्यामुळे ते मला येते. खड्डा, लाकडे, तापलेले दगड, वर केळीची पाने आणि माती. रविवारची ती भट्टी मी अठराव्या वर्षापासून लावीत आलो आहे. घरातील शेगडी मात्र सदतीस वर्षे सेलूची होती. मीठ कोणत्या डब्यात आहे हे शोधण्यास आज मला दहा मिनिटे लागली.

अळूच्या पानांत बोय माशाचे तुकडे, कांदा व आले घातले. नारळाचे पहिले दाट दूध वगळून दुसरे पातळ दूध घेतले. पुरचुंडी बांधून वाफवली. वास उत्तम आला. दुसऱ्या घासाला घसा असा खाजू लागला की मी शेगडी धरून उभा राहिलो. पाने कच्ची राहिली होती.

नेमकी त्याच वेळी व्हिका आली. ती माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. वय चौतीस, बाजारात तिचा भाजीचा गाळा आहे. बहिणीच्या मुलीने मामाच्या घरातून हवे ते उचलावे, हवे ते बोलावे आणि मामाने हसतमुख राहावे, अशी आमची रीत आहे. व्हिका या रीतीत कसूर करीत नाही.

"गणितात पहिला आणि अळूत नापास," ती म्हणाली. "मामा, तासभर शिजवतात ते. मामी तुला स्वयंपाकघरात येऊ देत नव्हती ते बरोबरच होतं." जाताना ती माझी चांगली सुरी घेऊन गेली.

तिने आईची टोपलीही आणली होती. कालोलाइनेताई स्वतः आत येत नाही. मीही तिच्या घरात जात नाही. वयात आल्यापासून आम्ही भाऊबहीण एका छपराखाली बसलेलो नाही, आणि ते उचितच आहे. काही सांगावयाचे असल्यास ती कुंपणापाशी रस्त्याकडे तोंड करून उभी राहते आणि मी ओट्यावरून ऐकतो. टोपलीत नारळाच्या दाट दुधात शिजवलेले, चरबीदार बरगडीचे मेंढीचे मांस होते. बहीण भावाहून वरची. तिने पाठवलेले अन्न नाकारणे शक्य नसते. मी नाकारले नाही. आभार मानून घेतले, आणि व्हिका गेल्यावर शेजारच्या डुकरास घातले.

११ मार्च, बुधवार

आमच्या चर्चने वजन उतरवण्याची स्पर्धा लावली आहे. दर बुधवारी गायनाच्या सरावापूर्वी सभागृहात एकेकाचे वजन होते आणि पाळकांच्या पत्नी ते भिंतीवरील तक्त्यावर लिहितात. मी एकशे तेरा. शोकाची काळी वस्त्रे व रीतीप्रमाणे कमरेला गुंडाळावयाची चटई यांचे दोन किलो वजा करावेत, असे मी सुचवले. ते मान्य झाले.

पायांची तपासणी: ठीक.

२२ मार्च, रविवार

आज प्रथमच माझे मलाच रुचले. कच्ची पपई किसून तीत लिंबू, हिरवी मिरची, आले व मूठभर समुद्री शेवाळ कालवले. चर्चला जाण्यापूर्वी उमूत नीरफणसाचा एक काप आणि केळीच्या पानातील मासा ठेवला होता. माशावर केवळ लिंबू, चेचलेला लसूण आणि हळदीचे पान. चरबीचा थेंब नाही, तरी पान उघडताच तोंडाला पाणी सुटले. नारळाच्या दाट दुधावाचून चव येत नाही, हा आमच्या साऱ्या बेटाचा गैरसमज आहे.

हे सेलूला करून घालता आले असते. हा विचार आला आणि उरलेला नीरफणस घशाखाली उतरला नाही. तोही एका अर्थी लाभच.

वजन एकशे अकरा. तथापि आकडा पाहिल्यावर जे बरे वाटते ते गुरुवारी दुपारपर्यंतही टिकत नाही. मग पुन्हा पायाला मुंग्या आल्यासारखे वाटते आणि मी बोटे मोजतो. दहा.

१४ एप्रिल, मंगळवार

आज केंद्रात रक्ततपासणीचा दिवस होता. इस्त्रीचा सदरा घालून बसने गेलो. रुग्णालयाच्या फाटकाशी उतरलो. आतून एक बाई चाकांच्या खुर्चीतून बाहेर येत होती आणि तिच्या मांडीवर एकच चप्पल होती.

मी पुढच्या बसने परत आलो.

घरी येऊन शांतपणे विचार केला. बाईंच्याच सांगण्यानुसार वजन उतरल्यास गोळ्या कमी होतात. म्हणजे वजन आणि गोळ्या यांचे प्रमाण सम आहे. वजन उद्या मोजले जाईलच. जो निष्कर्ष काट्यावरून काढता येतो, त्यासाठी सुई टोचून घेणे अनावश्यक आहे.

१५ एप्रिल, बुधवार

एकशे आठ. पाळकांच्या पत्नींनी माझ्या नावापुढे तारा काढला. आजपासून दोनऐवजी एक गोळी.

२६ एप्रिल, रविवार

गोळी पूर्णपणे बंद केली. सेलूने अकरा वर्षे एकही गोळी चुकवली नाही, आणि तिचे काय झाले ते मी पाहिले आहे. गोळ्यांवर विसंबणारा माणूस जेवणात ढिला पडतो, असे माझे मत झाले आहे. मी ढिला पडणार नाही.

आज कोनफळाचा एकच काप खाल्ला, तोही तराजूत तोलून.

३ मे, रविवार

आज मुलांचा रविवार. चर्चमध्ये पांढऱ्या कपड्यांतील मुले एकामागून एक पाठांतर म्हणत होती. प्रार्थना चालू असताना मला दोनदा उठून बाहेर जावे लागले. असे पूर्वी कधी झाले नव्हते. तहान मात्र चांगली लागते. पूर्वी मी पाणीच पीत नसे, हे मकेलेसीबाईंनी दोष म्हणून दाखवले होते. तो दोष दूर झाला. कोवळ्या नारळाचे पाणी हे सर्वांत शुद्ध. त्यात चरबी नाही. आज सहा नारळ झाले. सकाळी माडाखाली उभा राहून पहिला नारळ पितो तेव्हा काही क्षण अगदी स्वस्थ वाटते.

मुलांच्या मेजवानीतील ताटास हात लावला नाही. लोक पाहत होते. व्हिका बाजूने जाताना हळूच म्हणाली, "मामा, ते शेजारचं डुक्कर बघितलंस का? आईच्या हातचं त्याला फारच मानवलंय."

तिने आईस सांगितले असेल काय?

१३ मे, बुधवार

एकशे दोन. सभागृहात टाळ्या. कमरेच्या चटईवर बांधावयाचा काथ्याचा दोर पूर्वी दोन वेढे घेई, आता तीन घेऊन टोक लोंबते. एका माणसाने उठून सुचवले की मास्तरांनी आपले रहस्य सर्वांस सांगावे. मी उभा राहून हळदीच्या पानातील मासा, पपईची कोशिंबीर आणि पातळ दुधातील अळू कसे करावे ते सांगितले. बायकांनी लिहून घेतले. बोलता बोलता जीभ टाळूला चिकटत होती. कोणाच्या लक्षात आले नसावे.

घरचा काटा आज दुपारी व्हिका घेऊन गेली. "मला हवाय," एवढेच म्हणाली. तिला काट्याचे काय काम? ती सदैव सडपातळ आहे. परंतु मागितले ते द्यावे लागते.

२४ मे, रविवार

स्नानगृहात मुंग्या झाल्या आहेत. शौचाच्या भांड्याच्या कडेने काळी रांग लागते. कीटकनाशक पूड टाकली. दोन दिवसांत पुन्हा आल्या. घर स्वच्छ ठेवणे सेलूला जसे जमे तसे मला जमत नाही.

भजनाच्या पुस्तकातील अक्षरे पसरट दिसतात. चष्म्याचा क्रमांक बदलला असावा. या वहीतही आज अक्षर मोठे काढीत आहे, ते त्यामुळेच.

रात्री चार वेळा उठावे लागते, त्यामुळे दिवसा थकवा येतो. चरबी जळत असताना थकवा येणे स्वाभाविक आहे. तरीही अंधारात भिंत चाचपडत जाताना मला कधी कधी वाटते की या घरात आणखी कोणीतरी आहे आणि ते माझ्या मागोमाग चालते आहे. हे लिहिणे मला शोभत नाही, परंतु खोटे लिहिणे त्याहून शोभत नाही.

पायांची तपासणी गेल्या काही दिवसांत झालेली नाही. वाकले की डोळ्यांपुढे अंधारी येते.

७ जून, रविवार

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

पहाटे उमू लावला. आत अळकुड्या, नीरफणस आणि पानांत बांधलेली भाजी. मांस नाही, मासाही नाही. दगड तापून पांढरे झाल्यावर ते पसरण्यासाठी मी काठीने ओढीत होतो. अनवाणी होतो, उमूपाशी मी नेहमीच अनवाणी असतो. तेवढ्यात मांस करपल्याचा वास आला. प्रथम वाटले, शेजाऱ्यांचा उमू असेल. परंतु त्यांच्याकडे अजून धूरही नव्हता. मी खड्ड्यात डोकावलो. काही पडले आहे काय ते पाहिले. वास वाढत होता. मग मी खाली पाहिले. एक दगड काठापलीकडे घरंगळला होता आणि माझा उजवा पाय त्याच्यावर होता.

मी पाय उचलला. काही दुखले नाही. मुळीच नाही.

बराच वेळ मी गवतात बसून होतो. पायावर थंड पाणी ओतले, पट्टी बांधली आणि चर्चला बूट घालून गेलो. प्रवचन कशावर होते ते सांगता येणार नाही.

न दुखणे हे चांगले लक्षण आहे. जखम वरवरची असावी.

१० जून, बुधवार

शहाण्णव. तक्त्यावर माझा क्रमांक पहिला. बूट न काढता वजन करण्याची मुभा मी मागितली. पाळकांच्या पत्नी हसून म्हणाल्या की नियम मास्तरांनीच मोडावेत.

१७ जून, बुधवार

कालोलाइनेताई आज कुंपणाशी आली. मी ओट्यावर गेलो. ती रस्त्याकडे पाहत होती.

"लोपेती, अंगावरचा सदरा कुणाचा आहे?"

माझाच, असे मी सांगितले.

"वाटत नाही. आपले वडील शेवटच्या महिन्यात असेच दिसत होते."

मी तिला आदरपूर्वक समजावले की जाडी म्हणजे आरोग्य ही जुनी कल्पना आहे, आणि मी तीन महिन्यांत अठरा किलो उतरवले ते ठरवून.

"तुझं शास्त्र असेल," ती म्हणाली. "मी तुझ्या गालफडांबद्दल बोलतेय. पाणी किती पितोस?"

प्रश्न विचित्र होता. पुरेसे, असे मी म्हणालो.

"कुंपणाआड शहाळ्यांचा ढीग आहे. या आठवड्याची साठ झाली. तू शाळा शिकलास, पण मोजायला मलाही येतं."

ती गेल्यावर मी तो ढीग पालापाचोळ्याने झाकला. बेचाळिसाव्या वर्षी शाळेत परीक्षक आले होते, तेव्हाही मला इतके चोरट्यासारखे वाटले नव्हते. ती अन्नाचा सूड घेत आहे, दुसरे काय. तिच्या टोपलीचे काय होते हे तिला कळले आहे.

२० जून, शनिवार

व्हिका आली. आईचे डोके दुखते म्हणून गोळी हवी, असे सांगून तिने कपाटातील औषधाचा डबा उघडला. साखरेच्या गोळ्यांची पाकिटे तिने बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली, एकेक पट्टी बोटाने चाचपली. मग सगळीच पिशवीत टाकली.

त्या डोकेदुखीच्या नव्हेत, असे मी म्हणालो.

"असू देत," ती म्हणाली. तिने थट्टा केली नाही. दारात थांबून मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि गेली.

तशाही त्या वापरात नव्हत्या. तरी डब्यातील ती रिकामी जागा मी दोनदा उघडून पाहिली.

२४ जून, बुधवार

त्र्याण्णव. स्पर्धा मी जिंकलो. बक्षीस म्हणून एक मोठा कोनफळाचा कंद आणि तयार केलेले डुक्कर मिळाले, यावर सर्व सभागृह हसले. मीही हसलो.

पायावरची पट्टी रोज बदलतो. न पाहता बदलण्याची रीत साधली आहे, मान वळवून हाताने. पायाच्या बोटांना काही कळत नाही, हातांना कळते. पट्टी ओली असते. गेले तीन दिवस खोलीत एक वास आहे. मी मोरीत लिंबाची साले टाकली, खिडक्या उघडल्या. हा वास मला परिचयाचा आहे. डिसेंबरात मी रोज दुपारी दोन ते चार या वासाशेजारी बसत होतो.

नव्वदास तीन किलो उरले. नव्वद झाले की सर्व थांबेल.

२७ जून, शनिवार

जेवण: नाही. मासा कापला, आले किसले, पान धुतले, आणि शेगडीपाशी बसून राहिलो. अंगात कणकण आहे. कोनफळाचा कंद तसाच आहे.

व्हिका धुण्यासाठी कपडे मागण्यास आली. मी धुतो, म्हणालो. तिने ऐकले नाही. पलंगाखालील मोजे तिने माझ्यादेखत ओढून काढले. मी ते परत मागितले. मामाने भाचीकडे काही परत मागणे ही लाज आहे, आणि मी दोनदा मागितले.

"मामा," ती म्हणाली, "हे मी नेणार. माझा हक्क आहे."

तिचा आवाज नीट नव्हता.

२९ जून, सोमवार

हे मी रुग्णालयातून लिहीत आहे.

आज सकाळी स्वयंपाकघरात बसलो असता दारात सावली पडली. कालोलाइनेताई उभी होती. कुंपणापाशी नव्हे, उंबऱ्यावर. मग उंबऱ्याच्या आत. तिच्यामागे व्हिका, हातात ते मोजे. सत्तेचाळीस वर्षांत माझी बहीण माझ्या घरात आली नव्हती. सेलू गेली त्या दिवशीही ती अंगणातील मंडपातच बसली होती. मी उठून उभा राहिलो आणि डोळे खाली घातले.

"बूट काढ," ती म्हणाली.

"ताई, तू घरात आली आहेस."

"मला ठाऊक आहे मी कुठं आलेय. काढ."

बहिणीचा शब्द मोडता येत नाही. मी बसलो आणि बूट काढला. पट्टी तिने मला सोडू दिली नाही. ती जमिनीवर बसली, माझ्या पायाशी. ती, जिच्यापुढे कुटुंबातील मेजवानीत पहिले ताट जाते, तिने माझी टाच आपल्या मांडीवर घेतली. मला वाटले, आता काहीतरी भयंकर होईल, छप्पर कोसळेल. काहीच झाले नाही. पट्टी सुटली. व्हिका एकदम अंगणात निघून गेली आणि तिच्या ओकण्याचा आवाज आला.

"कधी झालं हे?"

"सात तारखेला."

"दुखतं?"

"नाही."

"नाही," तिने माझाच शब्द पुन्हा म्हटला. मग तिने वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग असेल असे मला वाटले होते. तो नव्हता; होते ते मला पाहवेना.

"ऊठ. गाडीत बस."

"ताई, तो वॉर्ड..."

"मी सांगतेय ना, ऊठ."

३० जून, मंगळवार

साखरेचा आकडा येथील मापाने एकतीस. निरोगी माणसाचा सहा-सातच्या आत असावा. मार्चमध्ये माझा सोळा होता. तो तेव्हाच लिहावयास हवा होता.

मकेलेसीबाई आल्या. हातात माझी वही. ती मीच त्यांना दिली. त्यांनी उभ्यानेच बरीच पाने वाचली आणि मग खाटेवर बसल्या.

"मास्तर, हे एकवीस किलो तुम्ही नाही उतरवले. साखरेनं उतरवले. तुमचं अंग स्वतःलाच खात होतं, आणि वरून तुम्ही दिवसाला आठ-आठ शहाळी पाजत होता त्याला."

मी विचारले, मग माझा स्वयंपाक व्यर्थ होता काय?

"स्वयंपाकाला काय झालं? तो हळदीच्या पानातला मासा माझ्या बहिणीनंसुद्धा केला. तुम्ही गोळ्या घेत ते जेवला असता ना, तर दहा किलो उतरले असते आणि आज घरी असता." मग वही मिटून त्या म्हणाल्या, "मार्चमध्ये मी सांगितलं होतं, गोळ्या कमी करायच्या की नाही ते आम्ही ठरवू."

हे त्या म्हणाल्याचे मला स्मरत नाही. त्यांनी म्हटलेच असणार.

१ जुलै, बुधवार

डॉक्टरांनी पाय पाहिला. उजव्या पायाची दोन बोटे उद्या सकाळी काढावी लागतील. तळव्यातील बिघाड किती आत गेला आहे हे उघडल्यावरच कळेल. घोटा राहील, असे त्यांना वाटते. "वाटते" हा शब्द त्यांनी वापरला. मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

खाट तिसरी. सेलूची पाचवी होती. दाराकडे पाहिले की बाहेरील व्हरांड्यात तपासणीसाठी रांगेत बसलेले लोक दिसतात. त्यांतील बरेचजण आत पाहत नाहीत.

व्हिका डबा घेऊन आली: साधे वाफवलेले अळू, लिंबू पिळलेले. "तासभर शिजवलंय," ती म्हणाली, "मी शाळेत फार हुशार नव्हते, पण घड्याळ कळतं मला." मी तीन घास खाल्ले. ती डबा मिटेपर्यंत हसत होती.

२ जुलै, गुरुवार

सकाळचे सात. आठ वाजता नेतील.

कालोलाइनेताई काल दुपारपासून येथे आहे. एका खोलीत भावासमोर बसणे तिला जमेना, म्हणून तिने खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. असे बसूनच तिने मला पाणी दिले, हात मागे करून. इतर रुग्णांच्या नातेवाइकांनी आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले.

थोड्या वेळापूर्वी मी तिच्या पाठीशी बोललो. लिहून ठेवतो, कारण आठनंतर मला हे लिहिता येईल की नाही ठाऊक नाही.

मी म्हणालो, "ताई, गेल्या ऑगस्टात सेलूनं मला पायाचं बोट दाखवलं होतं. टोकाला काळं पडलं होतं. मी म्हटलं, तेल लाव. त्या आठवड्यात शाळेत माझा सत्कार होता, मला भाषण लिहायचं होतं. नंतर मी एकदाही विचारलं नाही. ऑक्टोबर उजाडेपर्यंत एकदाही नाही."



"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"सेलूनंच. मी तुला जाब विचारायला निघाले होते, कुंपणापर्यंत आलेही होते. तिनं मला अडवलं. म्हणाली, त्यांना काही बोलू नका. माझं बोट बघून त्यांचे हात थरथरायला लागले, म्हणून मीच चटकन झाकून घेतलं. म्हणाली, ते फार घाबरतात हो, ताई. त्यांना वाटतं कुणाला कळत नाही."

व्हरांड्यात कोणीतरी नावे पुकारीत होते. माझे नव्हते.

मग ताईने खुर्चीचे पाय ओढले. फरशीवर मोठा आवाज झाला. ती वळून माझ्यासमोर बसली आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहू लागली. मी मान खाली घालावी अशी रीत आहे. मी घातली नाही.

पावणेआठ झाले. अक्षर बिघडले आहे. हात थरथरत आहे. तिला ते दिसत आहे. दिसू दे.